जाळणे, झाकणे आणि सांगणे

डेप्युटी नझीर अहमद यांच्या ‘तौबतुन्नसूह’ या उर्दू कादंबरीत नसूह आपल्या थोरल्या मुलाची, कलीमची, पुस्तके जाळतो. तो प्रसंग पुष्कळांना माहीत असतो. त्याच कादंबरीतल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. बायकोला, फहमीदाला, सादीचे ‘गुलिस्ताँ’ शिकवताना नसूहने काही ओळींवर शाई फिरवली होती, काही मजकुरावर कोरा कागद चिकटवला होता. नको असलेल्या मजकुराचे काय करायचे, याची ही दोन जुनी उत्तरे: जाळा किंवा झाका. मजकूर तसाच ठेवून आधी सांगायचे, हे तिसरे उत्तर फॅन फिक्शन लिहिणाऱ्यांनी पद्धतशीरपणे अमलात आणले.

फॅन फिक्शन म्हणजे दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा. (अमीर हमझाची दास्तानही किती जणांनी वाढवत नेली! कल्पना परकी नाही.) अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी १९६७ मध्ये ‘स्पॉकानालिया’ हे हौशी नियतकालिक काढले. पुढे प्रौढांसाठीचे अंक निघाले, तेव्हा मागवणाऱ्याकडून वयाची हमी घेतली जाई. इंटरनेट आले आणि मध्ये उभा असलेला संपादक गेला.

मग जाळणे सुरू झाले. २००२ मध्ये फॅनफिक्शन डॉट नेटने प्रौढांसाठीच्या कथांवर सरसकट बंदी घातली. मे २००७ मध्ये लाइव्हजर्नलने सुमारे ५०० खाती बंद केली, तीही ‘आवडी’च्या यादीतले शब्द पाहून. त्यात लैंगिक अत्याचारातून वाचलेल्यांचे गट सापडले. नाबोकोव्हच्या ‘लोलिता’वर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा गटही सापडला. कंपनीने माफी मागितली, बरीच खाती परत आली, पण चाहत्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. त्याच वर्षी त्यांनी स्वतःची संस्था उभारली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संकेतस्थळ सर्वांसाठी खुले केले.

तिथे चार ठरावीक इशारे आहेत: हिंसेचे तपशीलवार वर्णन, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांचा लैंगिक संबंध. मृत्यू आधीच सांगितला तर कथेत उरले काय, ही लेखकांची तक्रार खरीच आहे. म्हणून पाचवा पर्याय आहे: ‘लेखकाने इशारा न देणे निवडले आहे’. मला ही तोड फार शहाणपणाची वाटते. लेखक गुपित राखतो, पण गुपित आहे हे लपवत नाही. ज्याला जोखीम नको तो पुढे जातो.

इशारा म्हणजे सेन्सॉरशिपची पहिली पायरी, असे काही जण म्हणतात. इतिहास उलटे सांगतो. बंदीला कंटाळलेल्या लोकांनीच ही व्यवस्था केली, आणि वाचायचे की नाही हे वाचकावर सोडले. म्हणून लेखकाने इशारा द्यावा, निदान देत नसल्याचे तरी सांगावे, असे माझे मत आहे.

अर्थात चार इशाऱ्यांत सगळे मावत नाही. दंगलीत घर गमावलेल्या वाचकाला नुसत्या ‘हिंसा’ या शब्दावरून पुढे काय येणार हे कळत नाही. कथेत पेटलेला मोहल्ला असेल, तर लेखकाने ‘दंगल’ असा टॅग स्वतःहून जोडायला हवा. ती सोय तिथे आहे, सक्ती मात्र नाही.