चेंडू आणि मातीचा पेला

सोलापूरच्या पार्क मैदानाच्या कडेनें सायंकाळीं फिरावयास जाण्याचा आमचा पुष्कळ वर्षांचा परिपाठ आहे. मध्यंतरीं एक विद्यार्थी वाटेंत भेटला. पुण्यास २०१२ सालीं उघडलेलें क्रिकेटचें संग्रहालय पाहून तो नुकताच परतला होता. नामांकित खेळाडूंच्या बॅटी, चेंडू, सदरे यांचें त्यानें मोठ्या उत्साहानें वर्णन केलें आणि शेवटीं विचारलें, “सर, पालवणकर बाळूंचा चेंडू कोठें ठेवलेला असेल हो?” या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. परंतु तेव्हांपासून जे विचार मनांत घोळत आहेत, ते वाचकांपुढें मांडावेसे वाटतात.

खेळाच्या इतिहासाचें जतन कसें करावें याचा वस्तुपाठ म्हणून अमेरिकेंतील कूपर्सटाउन या लहानशा गांवाकडे बोट दाखविण्याची चाल आहे. बेसबॉल हा तिकडचा राष्ट्रीय खेळ. आपल्या वाचकांनीं तो क्रिकेटचा चुलतभाऊ समजावा. त्यांतील श्रेष्ठ खेळाडूंची पहिली निवड १९३६ सालीं झाली. टाय कॉब, बेब रूथ आदि पांच जण प्रथम मानाचे मानकरी ठरले, आणि १२ जून १९३९ रोजीं त्या मानमंदिराचें उद्घाटन झालें. तें याच गांवीं कां? तर १९०७ सालीं एका समितीनें असा निर्वाळा दिला होता कीं, ॲबनर डबलडे नांवाच्या गृहस्थानें १८३९ सालीं हा खेळ येथें शोधून काढला. वस्तुतः त्या वर्षीं हे गृहस्थ वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत शिकत होते! पण लोकांस पुराणकथा हवी असली म्हणजे कालगणना आड येत नाहीं. पुढें १९३५ सालीं शेजारच्या वस्तींत एका जुन्या पेटींत एक फाटका चेंडू सांपडला. तो पांच डॉलरांस विकत घेण्यांत आला आणि डबलडे यांचा म्हणून काचेआड विराजमान झाला. १९४७ सालीं रॉबर्ट हेंडरसन या ग्रंथपालानें, हा खेळ इंग्लंडांतील जुन्या चेंडूफळीच्या खेळांपासून निघाला असें ग्रंथ लिहून दाखवून दिलें. चेंडू बिचारा काय बोलणार? त्याच्याशेजारीं जी चिठ्ठी लावावी तीच त्याची वाणी.

याच मानमंदिराची दुसरी हकीकत अधिक विचार करण्याजोगी आहे. १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन यांस प्रवेश मिळेपर्यंत, सुमारें साठ वर्षें, कृष्णवर्णी खेळाडूंस मोठ्या संघांचीं दारें बंद होतीं. त्यांचे संघ निराळे, त्यांचे सामने निराळे. १९६६ सालीं टेड विल्यम्स या थोर फलंदाजानें स्वतःच्या सत्काराच्या भाषणांतच, सॅचेल पेज व जॉश गिब्सन यांच्यासारख्यांनाहि येथें स्थान मिळावें अशी इच्छा बोलून दाखविली. १९७० सालीं रॉबर्ट पीटरसन यांचा त्या निराळ्या संघांवरील ग्रंथ निघाला, आणि पुढल्याच वर्षीं पेज यांची निवड झाली. पण कशी? आरंभीं असें जाहीर झालें कीं, त्यांचा सन्मान वेगळ्या दालनांत होईल! मैदानावर वेगळी पंगत होतीच, आतां मानाचीहि वेगळी. लोकांनीं ओरड केली तेव्हां तो बेत रहित झाला. २०२४ सालीं त्या संघांचे आंकडे मुख्य नोंदींत मिळविले गेले आणि आजन्म सरासरींत गिब्सन यांचें नांव टाय कॉब यांच्याहि वर गेलें. गिब्सन यांस मरून तेव्हां सत्त्याहत्तर वर्षें झालीं होतीं.

वेगळ्या पंगतीचा विषय निघाला म्हणजे मराठी माणसास समुद्रापलीकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं. पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाडास, चांभार कुटुंबांत झाला. पुण्यास गोऱ्या लोकांच्या क्लबांत ते महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखीत आणि साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकीत. तासन् तास चेंडू टाकावा, बॅट मात्र हातीं येऊं नये. त्यांतूनच त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. पुढें पुण्याच्या हिंदु मंडळींनीं त्यांस संघांत घेतलें, तें युरोपियनांस हरवावयाचें म्हणून. खेळांत त्यांच्या हातचा चेंडू सवर्ण गडी खुशाल झेलीत. चेंडूस विटाळ नव्हता. चहाच्या सुटींत मात्र मंडळी आंत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंस तो बाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या पेल्यांत मिळे.

१९०६ सालीं मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, त्या संघांत बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं अखिल हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला. दौरा एकंदरींत पराभवाचाच. पण बाळूंनीं ११४ गडी बाद केले, सरासरी १८.८४. हिंदु संघाचें कर्णधारपद तरीहि त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. १९२० सालीं या अन्यायावरून विठ्ठल व शिवराम या बंधूंनीं संघांतून अंग काढून घेतलें, आणि १९२३ सालीं तें पद विठ्ठल यांस मिळालें. १९२० सालीं पहिल्या सामन्यापुरतें ज्यांस नेमलें ते देवधर आमच्याच पेशाचे, संस्कृतचे प्राध्यापक. त्यांच्या खेळाविषयीं आम्हांस आदरच आहे. तरी ती निवड योग्य होती असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. बाळूंचा एखादा चेंडू सांपडला तर आनंदच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याची खरी साक्ष देणारी वस्तु चेंडू नव्हे. ती तो मातीचा पेला. आणि तो तर उरूं नये म्हणूनच दिलेला! चहा संपतांच त्याच्या खापऱ्या झाल्या. कांहींहि सिद्ध न करणारा चेंडू अमेरिकनांनीं जपला. सर्व कांहीं सिद्ध करणारा पेला येथें कोणासहि जपतां आला नसता. कोणीतरी लिहून ठेवलें म्हणून तो आज आपणांस दिसतो.

विठ्ठल यांनीं ‘माझें क्रीडाजीवन’ हें आत्मचरित्र १९४८ सालीं मराठींत प्रसिद्ध केलें. २००२ सालीं रामचंद्र गुहा यांनीं आपल्याकडील क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजींत लिहिला, तेव्हां या पुस्तकाचा त्यांना मोठा उपयोग झाला, आणि बाळूंचें नांव दूरवर गेलें. आम्हांसहि त्यांची खरी ओळख इंग्रजी ग्रंथावरूनच झाली, हें कबूल करतांना लाज वाटते.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटचें मानमंदिर २००९ सालीं स्थापन झालें. तेथें गावसकर आहेत, तेंडुलकर आहेत. २०२१ सालीं विनू मंकड गेले. बाळू नाहींत. आपला पहिला कसोटी सामना १९३२ सालचा. तेव्हां बाळू छप्पन वर्षांचे होते. (त्याच वर्षीं सप्टेंबरांत पुणें करारावर त्यांची सही झाली, पण तो विषय निराळा.) कसोटीचे आंकडे नसलेल्या खेळाडूस कोणत्या मापानें मोजावें, ही अडचण खरी. अमेरिकनांपुढेंहि अशीच अडचण होती. त्यांनीं जुनीं वृत्तपत्रें चाळून एकेका सामन्याचे आंकडे जुळविले.

तो विद्यार्थी आतां विठ्ठल यांच्या पुस्तकाची १९४८ सालची प्रत शोधीत आहे. ग्रंथालयांबरोबर घरोघरचीं जुनीं कपाटेंहि पाहावींत असें आम्हीं त्यास सांगितलें आहे. वाचकांपैकीं कोणाच्या आजोबांच्या पेटींत खेळांवरील जुनें पुस्तक किंवा सामन्यांच्या कात्रणांची वही असेल, तर ती रद्दीवाल्याच्या तराजूंत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावी, एवढी आमची विनंति आहे.