तेलाचा डबा आणि आंबिलीचं मडकं

२०१८ चा रमजान मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला. सोलापूरचा मे महिना कसा असतो, हे मी सोलापूरकरांना सांगायला नको. दुपारी रस्ते ओस पडतात आणि रात्री भिंतींतून झळा येतात. अशाच एका संध्याकाळी इफ्तार उरकून माझे थोरले भाऊ नमाजला उठले आणि छातीवर हात ठेवून पुन्हा खाली बसले. रात्री त्यांना दवाखान्यात दाखल केलं, दुसऱ्या दिवशी रक्तवाहिनीत स्टेंट बसला. जिवावरचं बोटावर निभावलं. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या समजावून सांगितल्या आणि भाभींना विचारलं, "तुमच्या घरात महिन्याला तेल किती येतं?"

भाभी माझ्याकडे पाहू लागल्या, मी त्यांच्याकडे. घरात साखर किती, दूध किती, हे आम्हाला तोंडपाठ होतं. तेलाचा हिशेब कुणी केलाच नव्हता. शेवटी भाभी म्हणाल्या, "एक डबा. पंधरा किलोचा. रमजानात वर दोन-चार पिशव्या." "खाणारी माणसं किती?" "सात." डॉक्टरांनी कागदाच्या पाठीमागे भागाकार मांडला. माणशी महिन्याला दोन किलोच्या वर! "माणशी अर्धा लिटर पुरतं," ते शांतपणे म्हणाले. "तेलामुळेच हे झालं असं मी म्हणत नाही. तंबाखू आहे, रक्तदाब आहे, वय आहे. पण डबा तुमच्या हातात आहे."

त्या भागाकाराने मला विचारात पाडलं. आमच्या घरात तेल असं मोकळेपणाने कधीपासून वाहू लागलं? याचं उत्तर शोधताना मी माझ्या घराच्या इतिहासात शिरलो, आणि तिथून एका मोठ्या इतिहासात.

आमचं हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परततो. २०१८ च्या बरोबर तेहतीस वर्षं आधी, म्हणजे १९८५ साली, रमजान असाच मेच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला होता. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. ऊन तेच, घर तेच, रोजाही तेवढाच लांब. पण दस्तरखान वेगळा होता. सूर्य मावळला की खजूर आणि माठातलं पाणी. मग गूळपाण्यात फुगलेला सब्जा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, तिच्यात चिरलेला कांदा, मीठ, लिंबू. काकडी, कलिंगडाच्या फोडी. नमाजनंतर ज्वारीची भाकरी आणि दुधी घातलेला दालचा. पहाटे सहरीला शिळी भाकरी ताकात कुस्करून, नाहीतर आंबील. भजी असायची ती जुम्म्याला, आणि तीही मोजून हातावर पडायची. २०१८ साली मात्र रोज भजी, रोज समोसे, रोज कबाब, आणि कढईतलं तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीवर. दिवसभर रिकाम्या असलेल्या पोटात, चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात, पहिला घास तळणाचा!

आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा एक गोड गैरसमज आहे, आणि आता तो आम्हा मुसलमानांचाही झाला आहे. मुसलमानाचं जेवण म्हणजे तरंगतं तेल, तूप, बिर्याणी. हे जेवण शाही मुदपाकखान्यातलं होतं, हे खरं. अकबराच्या दरबाराचा तपशील देणाऱ्या 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फजलने खिचडीचं प्रमाण दिलं आहे : पाच शेर तांदूळ, पाच शेर मुगाची डाळ आणि पाच शेर तूप. तांदळाच्या वजनाइतकं तूप! पण त्याच ग्रंथात मांसाविना केलेल्या पदार्थांची वेगळी यादी आहे, 'सूफियाना' नावाची, आणि सोऱ्याने पाणी गार करण्याची रीतही आहे. म्हणजे उन्हाळा बादशहालाही चुकला नव्हता.

आमच्या सोलापूरच्या मुलखाला याहून जवळचा दाखला आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावं, काय प्यावं, यावर त्यात स्वतंत्र प्रकरणं आहेत. त्यात तळलेले, भाजलेले मांसाचे प्रकार आहेत, तशीच दह्याची शिखरिणी आणि फळांची पेयंही आहेत. त्याहून कितीतरी जुन्या चरकसंहितेत उन्हाळ्याची दिनचर्या सांगितली आहे. गोड, गार आणि पातळ खा, खारट, आंबट, तिखट आवरा, सातूचं पीठ पाण्यात कालवून प्या, असा तिचा रोख आहे. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. चरक उन्हाळ्यात तुपाला हद्दपार करत नाही. त्याला स्निग्ध अन्न हवं आहे. 'कमी तेल' हा शब्द त्याच्या काळाचा नव्हे, कारण तेलाचा पूर त्याने पाहिलेला नव्हता.

तो पूर आपल्या घरात कसा आला, ते पाहू. माझी दादी सांगायची, गावात घाणा होता. बैल गोल फिरायचा आणि करडई, तीळ, शेंगा यांचं तेल निघायचं. पेंड जनावरांना जायची. तेल पावशेराच्या मापाने यायचं आणि बुधलीत राहायचं. शेंगासुद्धा मूळच्या आपल्या नव्हेत. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय दर्यावर्दी सोळाव्या शतकापासून तो जगभर घेऊन फिरले, आणि आज सोलापूरची ओळखच शेंगांची चटणी झाली! बुधलीवर दादीची नजर असायची. फोडणीला पळीभर तेल, भाकरीवर बोटभर. पापड-कुरडया निखाऱ्यावर भाजायच्या. उन्हाळ्यात चिवळीची भाजी यायची, ती कच्चीच, कांदा-मिठासोबत. अंबाडी शिजवून घोटायची आणि वरून लसणाची बारीक फोडणी.

मग डबा आला. १९३७ साली मुंबईत 'डालडा' हे वनस्पती तूप बाजारात आलं. 'दादा' या परदेशी नावात लिव्हर कंपनीचा 'ल' घुसवून ते नाव तयार झालं. पिवळा डबा, त्यावर खजुराचं हिरवं झाड. साजूक तूप परवडत नसलेल्या घराला तुपासारखं काहीतरी मिळालं, आणि लग्नाच्या पंगतीची शान वाढली. गांधीजींचा या तुपाला विरोध होता. त्याचं खरं दुखणं कळायला पुढे कित्येक दशकं गेली. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करताना त्यात ट्रान्स फॅट नावाची घातक चरबी तयार होते. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिचं प्रमाण २०२१ साली तीन टक्क्यांवर आणि २०२२ साली दोन टक्क्यांवर आणलं. म्हणजे डबा घरात आल्यापासून पंचाऐंशी वर्षांनी.

तेलाची कहाणी त्याच्या पुढची. ऐंशीच्या दशकात रेशनच्या दुकानात पामोलिन मिळायचं. कॅन घेऊन मी स्वतः रांगेत उभा राहिलो आहे. १९८६ साली सरकारने तेलबियांसाठी मिशन सुरू केलं. १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली. जहाजं भरून तेल येऊ लागलं, पिशव्या निघाल्या, गल्लीतल्या दुकानात लटकल्या. घाण्याचा बैल थांबला. आकडे बोलके आहेत. १९५५-५६ साली देशात वर्षाला माणशी सरासरी अडीच किलो खाद्यतेल उपलब्ध होतं. २०००-०१ साली ते आठ किलोंच्या पुढे गेलं. २०२४ सालच्या नीती आयोगाच्या अहवालात हाच आकडा १९.७ किलो आहे. त्यातलं निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येतं. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी रेडिओवरूनच लोकांना सांगितलं, तेल दहा टक्के कमी विकत घ्या. आमच्या घराला दहा टक्क्यांनी भागणार नव्हतं. आम्ही देशाच्याही पुढे होतो, वर्षाला माणशी पंचवीस किलोंवर!

इथे एक मोह आवरायला हवा. 'जुनं ते सोनं' म्हणून हात झटकणं सोपं आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी अम्मा सांगायची. कामावर मिळणारी सुकडी, रेशनचा लाल मिलो, त्याची तुटणारी भाकरी. तेव्हा फोडणीला तेल नव्हतं, ते काही तब्येतीच्या काळजीने नव्हे. आमची बुधली लहान होती, कारण खिसा लहान होता. पुढे चार पैसे आले तेव्हा अम्माने सगळ्यांत आधी काय केलं? मुलांना पोटभर भजी तळून घातली. त्या भज्यांत तिची अख्खी उपासमार तळून निघाली होती. भाभींनी डबा आणला तोही प्रेमापोटी. म्हणून तळणाऱ्या बाईला दोष देणारं कुठलंही आरोग्याचं भाषण मला ऐकवत नाही.

पण कमी तेल ही जरी तंगी होती, तरी आंबील ही तंगी नव्हती. ते शहाणपण होतं. रात्री ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून मडक्यात ठेवायचं. सकाळपर्यंत ते आंबतं. मग उकळत्या पाण्यात हळूहळू सोडून, ढवळत शिजवायचं. निवलं की ताक, मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण. तेलाचा थेंब नाही. घामातून जाणारं पाणी आणि मीठ दोन्ही भरून निघतं, पोटाला आधार मिळतो, आणि जड वाटत नाही. चरबी पोटात जास्त वेळ रेंगाळते, म्हणूनच तळण खाऊन उन्हात जीव नकोसा होतो. कैरीचं पन्हं, कोकणातलं कोकम सरबत, माठातला मठ्ठा, भिजवलेली डाळ, सब्जा हे सगळं याच शाळेतलं. १९०७ साली दिल्लीच्या हकीम अब्दुल मजीद यांच्या दवाखान्यातून निघालेलं 'रूह अफजा'सुद्धा उन्हाळ्यावरचा उतारा म्हणूनच जन्मलं. पण त्यात साखर भरपूर असते, तेव्हा ते सणासारखंच घ्यावं.

आमची चूक अशी झाली, की चार पैसे आल्यावर तंगीबरोबर आम्ही शहाणपणही उंबऱ्याबाहेर टाकलं. आंबील गरिबीची खूण वाटू लागली. पाहुण्यासमोर ठेवायची लाज वाटू लागली.

भाऊ घरी आल्यावर भाभींनी काय केलं, ते सांगतो. त्यांनी कुठलंही नवं पुस्तक आणलं नाही. डबा आणणं बंद करून त्या लिटरच्या बाटल्या आणू लागल्या. सात माणसं, महिन्याला साडेतीन बाटल्या. एवढं एकदम जमलं नाही. पहिल्या महिन्यात आठ लागल्या, सहा महिन्यांनी पाच, आणि आता चार. भांड्यात तेल बाटलीतून थेट ओतायचं नाही, चमच्यानेच घालायचं. दालच्यात मांस थोडं, दुधी आणि डाळ जास्त, वरची चरबी काढून टाकायची. कांदा तेलात बुडवून तळण्याऐवजी तव्यावर भाजून वाटायचा. समोसे चुकले नाहीत, पण ते जुम्म्याला, १९८५ सारखेच, मोजून. तळलेलं तेल पुन्हा कढईत जात नाही. लहान मुलांच्या भाकरीवर मात्र तुपाचं बोट राहिलं. वाढत्या वयाला स्निग्ध हवंच, त्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीत कोंबायचं कारण नाही.

पहिल्या वर्षी घरात कुरकूर झाली. पोरांना सगळं 'दवाखान्यातलं' वाटायचं. एके दिवशी भावांनीच आंबिलीचा पेला भरून धाकट्या नातीपुढे धरला आणि म्हणाले, "ही तुझ्या पणजीची कोल्ड्रिंक." तिने तोंड वाकडं केलं, एक घोट घेतला, आणि आणखी मागितली, पण लसणाशिवाय. लसूण आम्ही सोडून दिला.

आता रमजान थंडीच्या दिवसांकडे सरकला आहे. तो पुन्हा मेच्या मध्यावर येईल, तेव्हा २०५१ साल असेल. माझे डोळे ते पाहतील असं मला वाटत नाही. ती नात मात्र तेव्हा स्वतःच्या घरची कर्ती असेल. तिच्या दस्तरखानावर काय असावं, हे सांगायचा मला अधिकार नाही. तिला चव तेवढी माहीत असावी, म्हणून मार्च लागला की आमच्या घरी रात्री मडक्यात पीठ कालवलं जातं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)