नळी उघडी आहे, म्हणजे काय?

मंडळी, आजचा विषय थोडा संकोचाचा आहे. पण शिरूर असो की दौंड, कित्येक घरांत तो दाराआड बोलला जातोच. लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा हलला नाही, आणि डॉक्टर म्हणतात, "नळ्या तपासून घ्या." ही तपासणी आली कुठून आणि तिच्यातून नेमकं काय कळतं, एवढंच आज पाहू.

इटलीतल्या पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फाल्लोप्पिओ यांनी १५६१ साली छापलेल्या ग्रंथात गर्भनलिकेचं नेमकं वर्णन केलं. टोकाला तुतारीसारखी रुंद होणारी ही नळी. बाईच्या जिवंत शरीरात ती मोकळी आहे की बंद, हे पोट न उघडता कळायला मात्र पुढे साडेतीनशे वर्षं जावी लागली. न्यूयॉर्कचे डॉ. रुबिन यांनी १९१९ मध्ये गर्भाशयातून वायू सोडून पाहिला. आधी ऑक्सिजन वापरला, पुढे कार्बन डायऑक्साइड, कारण तो शरीरात लवकर शोषला जातो. नळी मोकळी असेल तर वायू पोटात उतरतो आणि बाई उठून बसली की तिचा खांदा दुखतो. म्हणजे बघा, पोटातल्या नळीची साक्ष खांदा देतो! पोटातल्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना एकाच मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे जाते, म्हणून हे घडतं. पुढे क्ष-किरणांना दिसणारं औषध नळीत सोडून चित्र काढण्याची पद्धत रूढ झाली. तीच आजची एचएसजी.

आता आपल्याकडे येऊ. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्या काळात देशभर भर होता तो कुटुंबनियोजनावर. म्हणून मला असं वाटतं की आपल्या खेड्यांत 'नळी' ओळखीची झाली ती बंद करण्याच्या शस्त्रक्रियेमुळे. ज्या बाईची नळी आपोआप बंद झाली होती, तिचा हिशेब कुणी फारसा मांडलाच नाही. तिला लोकांनी एकच शब्द दिला. तो शब्द मी इथे उच्चारत नाही, तुम्हाला माहीत आहे.

नळी बंद होते ती बहुधा जंतुसंसर्गाने. भारतात क्षयरोग हेही त्याचं मोठं कारण. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा काही ना काही आजार निघाला. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झाली होती फक्त ८ टक्के जणींची. म्हणजे दुखणं घरोघर, आणि तपासणी जवळजवळ नाहीच. मग दोष कुणाचा म्हणायचा?

आणखी एक गंमत आहे. नळी नुसती तपासली तरी काही जणींना दिवस जातात, असं डॉक्टर फार पूर्वीपासून म्हणत. २०१७ मध्ये नेदरलँड्समधला ११०० हून जास्त स्त्रियांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तपासणीत तेलकट औषध वापरलेल्यांपैकी सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के जणींना गर्भ राहून टिकला. पाण्यात विरघळणारं औषध वापरलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होतं. पण लक्षात घ्या, नळीच्या आजाराची शक्यता कमी असलेल्या स्त्रियाच त्यात घेतल्या होत्या. क्षयाने नळी खराब झालेल्या बाईला हा आकडा सांगून आशा लावणं बरोबर नाही.

तत्त्वज्ञानाचा मास्तर म्हणून शेवटी एवढंच सांगतो. 'उघडी' आणि 'काम करणारी' हे दोन वेगळे शब्द आहेत. मोकळी दिसणारी नळीसुद्धा आतून खराब असू शकते, आणि तपासताना नुसती आकसलेली नळी बंद असल्यासारखी दिसू शकते. चाचणी एका प्रश्नाचं उत्तर देते, बाईच्या आयुष्याचा निकाल देत नाही. शिवाय मूल न होण्याचं कारण कितीतरी जोडप्यांत पुरुषाकडे असतं, आणि वीर्यतपासणी तर सोपी, स्वस्त, बिनदुखण्याची. तरी सुनेला आधी पुण्याला नेतात आणि मुलाला घरी ठेवतात. गाडीत दोघांनाही बसवा. इतिहासाने शिकवलेलं निदान एवढं तरी आपण पाळू.