गंजलेल्या सांगाड्याची दुरुस्ती (मोटारगाडी)

जुन्या गाडीचा भार पेलणारा गंजलेला पत्रा कापून त्याजागी नवा पोलादी पत्रा जोडण्याचे काम. जुन्या जीपला स्वतंत्र चॅसिस असते. डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००सारख्या गाड्यांत मात्र बॉडी हाच सांगाडा. म्हणून तिथे दाराखालची पोकळ पट्टी सडली की गाडीचा कणाच दुबळा होतो.

उदाहरणार्थ, तापीकाठच्या सारंगखेड्याची (ता. शहादा, जि. नंदुरबार) हवा कोकणासारखी खारट नाही, पण पावसाळी चिखल पोकळ भागांत साचला की पत्रा आतून गंजतो. बाहेरचा रंग सुरुवातीला शाबूत दिसतो. पेचकसाचे टोक दाबले की आत जाते. पुढे फुगलेला रंग ही खूण, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो.

घरी काम करताना बॅटरीची तार काढावी, इंधनाची टाकी व नळ्या दूर ठेवाव्यात. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवावी. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा आधार टाचावा, नाहीतर नंतर दार बसत नाही. चकचकीत धातू लागेपर्यंत कापावे. सलग वेल्डिंगने पत्रा वाकतो; अंतराअंतरावर टाके घालून मधल्या जागा भराव्यात. शेवटी रेडऑक्साइड आणि पोकळीत मेण. भोकावर पुटिन थापून रंग मारणे ही शुद्ध फसवणूक होय. अपघातात तो भाग काहीच पेलत नाही.

चॅसिस क्रमांकाचा भाग कधीही कापू नये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा तो क्रमांक पाहिला जातो.