चौरसातले लग्न

लग्नातली माणसे उभी असतात आणि लग्नातला समुदाय आडवा असतो. वधूवर शेजारी शेजारी उभे राहिले की त्यांच्या चित्राला उंची हवी. पंगत बसली किंवा वऱ्हाड ओळीने उभे राहिले की रुंदी हवी. दोन्ही बाजू सारख्या असलेला चौरस या दोहोंपैकी कुणाच्याच सोयीचा नाही. असे असून १९५० नंतरची पंचवीस-तीस वर्षे आपल्याकडची असंख्य लग्ने सव्वादोन इंच लांब आणि सव्वादोन इंच रुंद अशा फिल्मच्या तुकड्यावरच उतरली. घरोघरच्या काळ्या पानांच्या, जाळीदार बटर पेपर घातलेल्या आल्बमांत ही चित्रे कोपऱ्यांच्या खाचांत अजून बसलेली आहेत. लोक त्यांना चौकोनी फोटो म्हणतात. वर्गात भूमिती शिकवणाऱ्या माणसाला ते रुचत नाही, कारण पोस्टकार्डही चौकोनीच असते. म्हणून मी चौरस म्हणतो.

या चौरसाने आपल्या लग्नाचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

आधीचे लग्नाचे चित्र उभे होते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळी या कलेच्या मागे लागलेल्या हौशी मंडळींत होते. त्याच १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी याने लहान, व्हिजिटिंग कार्डाएवढ्या चित्रांचे पेटंट घेतले आणि माणसाचे चित्र उभे असायचे, हे जगभर ठरून गेले. पुढे आपल्याकडे स्टुडिओ झाले, रंगवलेले पडदे आले, खांब आणि कुंड्या आल्या. पण त्या स्टुडिओत लग्न होत नसे. लग्न झालेले जोडपे जात असे. मांडवातला उजेड त्या काळच्या काचेवर चित्र उमटायला पुरत नसे आणि अंतरपाट धरलेला असताना कुणी तीन-चार सेकंद श्वास रोखून थांबत नसे. मग चार दिवसांनी, हळद उतरायच्या आत, शालू नेसून आणि कोट-पागोटे घालून दोघे फोटोवाल्याकडे जात. तो खुर्चीत, ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. या चित्रात घरातले तिसरे माणूस नसे. लग्न म्हणजे दोन माणसे, असे आपल्या समाजात कुणीच मानत नसता आपल्या लग्नाच्या चित्राने ते मानले होते, ही गंमत मला नेहमी वाटते.

चौरस आला तो सौंदर्यदृष्टीने नव्हे, यंत्राच्या सोयीने. १९०० साली कोडॅकने एक डॉलरला विकलेल्या पहिल्या ब्राउनी पेटीतली चित्रे सव्वादोन इंची चौरसच होती. पण लग्नात चौरस शिरला तो जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यातून. त्यांचा रोलीफ्लेक्स १९२९ साली निघाला. एकावर एक दोन भिंगे. वरच्याने पाहायचे, खालच्याने चित्र घ्यायचे. पाहायचे तेही डोळ्याला लावून नव्हे. कॅमेरा पोटाशी धरायचा, झाकण उघडायचे आणि विहिरीत डोकावल्यासारखे वरून काचेत पाहायचे. असा कॅमेरा आडवा धरता येत नाही. धरलाच तर छायाचित्रकाराला शेजारच्या माणसाकडे तोंड करून समोरच्याचे चित्र घ्यावे लागेल. यावर कारखानदाराने साधा तोडगा काढला: चित्रच चौरस करून टाकले, म्हणजे कॅमेरा फिरवायला नको. उभे की आडवे ते पुढे कागदावर छापताना ठरवा. 'पुढे कागदावर ठरवा' या तीन शब्दांपाशी आपल्याला पुन्हा यायचे आहे.

दिल्लीत होमाई व्यारावाला यांनी याच जातीच्या कॅमेऱ्याने राजकारणातली थोर माणसे टिपली. आपल्या तालुक्याच्या गावी त्याने मुंजी आणि लग्ने टिपली. १९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर बाहेरचा माल दुर्मिळ झाला, तेव्हा असा एक कॅमेरा बापाकडून मुलाकडे शेताच्या तुकड्यासारखा जाई.

कॅमेरा पोटाशी असणे ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते आपल्या लग्नांच्या चित्रांतला सगळ्यात मोठा बदल तिनेच घडवला. आपले लग्नविधी पाटावर बसून होतात. उभ्या माणसाने डोळ्याला कॅमेरा लावून चित्र घेतले तर त्यात वधूवरांच्या डोक्याचे माथे, मुंडावळ्यांच्या गाठी आणि भटजींची शेंडी एवढेच येते. पोटाशी कॅमेरा धरणारा जरा गुडघ्यात वाकला की भिंग थेट पाटावरच्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत येते. कन्यादानाच्या, लाजाहोमाच्या जुन्या चित्रांत जी एक बसकी, जवळची, घरगुती नजर आहे, आपणही पंचपात्रापलीकडे मांडी घालून बसलो आहोत असे जे वाटते, ते यामुळे.

एक अडचण मात्र होती. काचेत दिसणारे चित्र उलटे. डावे ते उजवे आणि उजवे ते डावे. होमाच्या वेळी वधू वराच्या उजव्या हाताला आणि आशीर्वादाच्या वेळी डाव्या हाताला, हा आपला रिवाज. फोटोवाल्याला काचेत हे सारे फिरलेले दिसे. वर डावीकडे सरकला तर काचेत तो उजवीकडे जाई. नवशिका अशा वेळी त्याच्या मागे धावताना हमखास उलट दिशेला वळे. मुरलेला माणूस हलत नसे. तो जागा आधीच हेरून ठेवी आणि लग्न आपल्या चौरसात येण्याची वाट पाही.

वाट पाहण्याला दुसरेही कारण होते. एका रिळात बारा चित्रे. साध्या घरचे लग्न एका रिळात, बऱ्यापैकी घरचे दोन रिळांत. शिवाय उजेडाचा बल्ब एकदाच पेटून फुकट जाणारा. जळला की गरम असतानाच रुमालाने काढायचा आणि दुसरा बसवायचा. म्हणजे सीमांतपूजनापासून झालीपर्यंतचे दोन दिवस चोवीस क्षणांत बसवायचे, आणि त्यांतले दोन-तीन फुकट जाणार हे धरून चालायचे. आजच्या लग्नात हजारो चित्रे निघतात. कुठले क्षण मोलाचे, हा निर्णय लग्न संपल्यावर संगणकापुढे बसून होतो. तेव्हा तो मांडवात उभ्या उभ्या होई.

चौरसात काय कसे बसते, याचे एक शास्त्रच या मंडळींनी अनुभवाने तयार केले होते. अंतरपाट समोरून घ्यायचा नाही. समोरून घेतला तर एकटा वर दिसतो आणि एक कापड दिसते. पाटाच्या टोकाशी उभे राहायचे, म्हणजे कापड नुसत्या रेषेसारखे मधोमध उतरते, एका बाजूला ती, एका बाजूला तो, दोघांच्याही माना खाली. चौरसाचे दोन सारखे भाग. उभ्या चित्रात माणसे दाटतात, आडव्यात मामा लोक जास्त होतात. चौरसातच तो अंतरपाट बरोबर बसतो. 'सावधान' झाले, पाट ओढला की अक्षतांसाठी हात वर जातात, त्या हातांसाठी वर जागा राखलेली असली पाहिजे. म्हणून तयार माणूस आधीपासूनच डोक्यांवर जरा जास्त मोकळे ठेवी. पंगत सरळ समोरून घेतली तर पाचच पाने येतात. तीच पंगतीच्या एका टोकाला बसून खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्याकडे नेली की चाळीस माणसे मावतात आणि वाढप्याची पाठही मध्ये येत नाही. कानपिळीला जवळ जायचे, कारण तिथे फक्त एक हात, एक कान आणि दोन हसणारी तोंडे. झालीला मात्र मागे सरायचे, कारण वेळूच्या पाटीतले दिवे डोक्यावर असतात आणि रडणारी आई त्या दिव्यांखाली असते.

सगळ्यांत सुरेख बसते ते सूनमुख. मध्ये सासू, दोन बाजूंना मुलगा आणि सून, हातात आरसा, आणि आरशात चौथा चेहरा. कोपऱ्यांत काही नाही, जे आहे ते सगळे मध्यभागी. हा विधी चौरसासाठीच कुणी काढला की काय, असे वाटावे. मी पाहिलेल्या जुन्या आल्बमांत सूनमुखाचे चित्र वाईट आलेले फार क्वचित सापडले.

आता ते कागदाचे प्रकरण. फिल्म चौरस झाली तरी मोठ्या चित्राचा कागद चौरस झाला नाही. तो आठ बाय दहा, दहा बाय बारा, असाच मिळे. चौरस चित्र आठ बाय दहावर पूर्ण भरायचे तर त्याचा एक पंचमांश भाग टाकून द्यावा लागतो. आल्बमातले लहान फोटो फिल्मला फिल्म भिडवून छापलेले, म्हणून पूर्ण. भिंतीवरचा मोठा फोटो मात्र कापलेला. काय कापायचे ते फोटोवाला अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याखाली, एकटा ठरवी.

आमच्या घरात १९६१ सालच्या एका लग्नाचा असा फोटो आहे. वधूवर नमस्कार करून उठले आहेत आणि कॅमेऱ्याकडे वळले आहेत. हा फोटो पन्नासाहून अधिक वर्षे माजघरात टांगलेला होता. वडिलांची एक आत्या, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आलवण नेसणारी, हिने त्या वधूला लहानाची मोठी केली होती. लग्नाचे लाडू तिने वळले, रुखवतातली फळे-पाने तिने केली. ती मांडवात आली नाही, स्वयंपाकघरातून बाहेर पडलीच नाही, तिला स्वतःलाच ते नको होते, असे घरात सांगत असत. मीही तेच ऐकत वाढलो.

काही वर्षांपूर्वी घराची आवराआवर करताना पिवळ्या पडलेल्या पाकिटात त्या रिळाच्या पट्ट्या सापडल्या. त्या एकाने संगणकावर काढून दिल्या. तेच चित्र, पण पूर्ण चौरस. डाव्या कडेला दार आहे आणि दारात ती उभी आहे. कडेवर कुणाचे तरी मूल, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला. ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही. वधूच्या पाठीकडे पाहते आहे.

मी पट्टीने मोजले. फिल्मवरचे चित्र छप्पन्न मिलिमीटरचे. उभ्या आठ बाय दहासाठी त्यातले सुमारे अकरा मिलिमीटर रुंदीतून जायला हवे. दोन्ही बाजूंनी निम्मे निम्मे कापले असते तर जोडपे मधोमध राहिले असते, आणि दारातली बाई अर्धी उरली असती. भिंतीवरच्या फोटोत जोडपे डावीकडे सरकलेले आहे आणि उजवीकडे मांडवाचा एक रिकामा खांब अख्खा आला आहे. म्हणजे सगळे अकरा मिलिमीटर डावीकडूनच गेले. कागद लहान होता हे खरे. पण कागदाने खांब निवडला नव्हता.

तो फोटोवाल्याने आपण होऊन निवडला, की कुणी वडीलधाऱ्याने दुकानात जाऊन सांगितले, याचा निवाडा त्या पट्टीवरून होत नाही. फोटोवाल्यावर माझा राग नाही. त्याने मांडवात तिला आपल्या चौरसातून बाहेर ठेवले नव्हते. दोन पावले उजवीकडे सरला असता तर ती मुळातच आली नसती. घरात जी गोष्ट मात्र 'तिला नको होते' म्हणून सांगत, ती निम्मी खोटी होती, हे त्या पाकिटाने मला सांगितले. ती दारापर्यंत आली होती.

पुढचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे. साठीनंतर बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री आला आणि चौरस मध्यमवर्गाच्या हाती पडला. तोही बाराच चित्रांचा, पण डोळ्याला लावायचा, म्हणून पाटावरची माणसे पुन्हा माथ्यांसकट दिसू लागली. मग पस्तीस मिलिमीटरची रंगीत फिल्म सर्वत्र झाली, पोस्टकार्डाच्या आकाराचे आडवे फोटो आले आणि काळ्या पानांऐवजी चिकट पानांचे आल्बम आले. वधू हिरव्या चुड्यात उठून दिसू लागली, पण छत्तीस चित्रांत कोणती चांगली ते कुणाला आठवेना. त्यानंतरचे बारा बाय छत्तीसचे लांबलचक आल्बम सगळ्यांच्याच घरी आहेत. त्यांत वधूवरांमागे स्वित्झर्लंडचे डोंगर असतात.

चौरस परत आला तो २०१० साली निघालेल्या इन्स्टाग्राममुळे. त्याने पाच वर्षे चौरसाखेरीज दुसरा आकारच घेतला नाही. आता छापलेले आल्बमही बारा बाय बाराचे मागतात. उघडले की दोन चौरस शेजारी, मध्ये शिवण. आजचे कॅमेरे मात्र आडवे, तीनास दोन या प्रमाणाचे. म्हणजे पूर्वी चौरसातून आडवे कापत, आता आडव्यातून चौरस कापतात, आणि जातो तो एक तृतीयांश. पूर्वीच्या पंचमांशापेक्षा जास्तच. शहाणा छायाचित्रकार मांडवातच जरा मागे उभा राहतो, चेहरे शिवणीवर येऊ देत नाही आणि कडेला हवा सोडतो. बाकीचे काम यंत्र करते, आणि यंत्राला दारातली माणसे कळत नाहीत.

गेल्या मार्गशीर्षात नात्यातल्या एका मुलीचे लग्न झाले. तिचे वडील नाहीत. कन्यादानाला काका-काकू बसले आणि तिची आई पाटामागे, खांबाशी उभी राहिली. अजून बहुतेक घरी असेच चालते. आल्बम करणाऱ्या मुलाने मला फोनवर चौरस केलेली पाने पाठवली. कन्यादानाच्या पानावर काका-काकू मधोमध होते, वर आंब्याचे तोरण होते, आई नव्हती. मूळ चित्र मागवून घेतले. आई उजव्या कडेला होती. तोरण थोडे गेले तरी चालेल, वर-खाली पांढरी पट्टी राहिली तरी चालेल, पण हे चित्र अख्खे छाप, असे मी त्याला कळवले. पांढरी पट्टी बरी दिसत नाही, असे तो म्हणाला. दिसत नाहीच. ते पान तसेच छापले आहे.