घाटाचे दाते आणि माळाचे दाते

मुंबईहून देवळाली कॅम्पास मोटारीने जावयाचे म्हणजे एकाच दिवशी दोन निरनिराळ्या मुलखांतून प्रवास करावयाचा. ठाणे, भिवंडी, शहापूर येथपर्यंत रस्ता गाडीची फारशी परीक्षा पाहत नाही. कसाऱ्यास सह्याद्री आडवा येतो आणि थळघाटातील सुमारे हजार फुटांची चढण चढून इगतपुरी गाठावी लागते. पुढे घोटीपासून पुन्हा मोकळा माळ सुरू होतो. घाटात गाडीस ओढ हवी असते. माळावर वेग हवा असतो. एंजिन मात्र एकच. त्याच्या शक्तीतून ओढ किती घ्यावयाची आणि वेग किती घ्यावयाचा, ह्याची वाटणी शेवटी मागच्या आसातील दातेचक्रांकडे येते. ही चक्रे बदलावी की आहेत तशीच ठेवावी, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. आणि त्याच्या इतिहासाचे काही महत्त्वाचे धागे आपल्या सह्याद्रीच्या घाटांत गुंतलेले आहेत.

प्रथम ह्या चक्रांचे कार्य समजून घेतले पाहिजे. एंजिनाकडून येणारा दांडा मागच्या आसाशी पोचतो तेथे त्याच्या टोकास एक लहान दातेचक्र असते. त्यास पिनियन म्हणतात. ते आसावरील मोठ्या चक्रास, म्हणजे क्राऊन व्हीलला, फिरविते. पिनियनला ८ दाते आणि क्राऊनला ३९ दाते असतील तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी दांड्याचे जवळजवळ पाच फेरे होतात. हे प्रमाण ४.८८ होय. क्राऊनचे दाते वाढविले की चाकाची ओढ वाढते, परंतु तितक्याच वेगासाठी एंजिनास अधिक फिरावे लागते. मोठा धोंडा पहारीने हलविताना पहार दूर धरली तर जोर कमी लागतो, पण हात पुष्कळ खाली न्यावा लागतो. तसाच हा व्यवहार आहे. दातेचक्र शक्ती निर्माण करीत नाही. ते केवळ एका नाण्याचे दुसऱ्या नाण्यात रूपांतर करते. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळेच पुष्कळांची निराशा होते.

मोटारी नव्या होत्या तेव्हा घाट हीच त्यांची कसोटी समजली जाई. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची चाचणी झाली. सुमारे ६२० मैलांचा तो प्रवास होता आणि वाटेत सहा घाट होते. त्यात उतरलेल्या रोल्स-रॉइस गाडीचे नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे ‘पूर्वेचे मोती’, असे ठेविलेले होते. ती त्या परीक्षेस उतरली आणि पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली. ‘सिल्व्हर घोस्ट’ ह्या नावाने जगप्रसिद्ध झालेली ती हीच जात.

ह्या जातीच्या पहिल्या गाड्यांना चार गिअर असत. तिसऱ्या गिअरमध्ये एंजिनाची गती सरळ मागच्या आसाकडे जाई. चौथा गिअर मोकळ्या रस्त्यावर भरधाव जाण्याकरिता असून त्यात दांडा एंजिनापेक्षाही अधिक फिरे. योजना उत्तम होती. परंतु त्या काळी गिअर बदलणे हे कौशल्याचे काम होते, आणि गाडी सदैव शेवटच्या गिअरमध्येच चालावी अशी धनिकांची अपेक्षा असे. १९०९ च्या सुमारास कारखान्याने चौथा गिअर काढून टाकला आणि तीन गिअरांची पेटी बसविली. आता शेवटच्या गिअरात दांडा आणि एंजिन एकाच गतीने फिरू लागले. अर्थात वेग आणि ओढ ह्यांचे प्रमाण ठरविण्याचे काम मुख्यतः मागच्या आसावर आले. आस वेगाकरिता बेतलेला होता. सपाट इंग्लंडात हे खपून गेले. १९११ मध्ये ह्याच जातीची एक गाडी लंडनहून एडिंबरोस जाऊन परत आली, तीही सर्व वाट शेवटच्याच गिअरमध्ये.

परंतु पुढच्याच वर्षी पर्वताने हिशेब मागितला. १९१२ मध्ये ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वतात मोटारींची शर्यत झाली. जेम्स रॅडली नामक हौशी इंग्रजाने तीत अशीच एक वेगवान रोल्स-रॉइस उतरविली. काट्शबर्ग नावाच्या खिंडीत चढण इतकी खडी लागली की पहिल्या गिअरमध्येही गाडी पुढे जाईना. आतील मंडळींना खाली उतरावे लागले, तेव्हा कोठे ती हलली. जगातील सर्वोत्तम म्हणविणाऱ्या मोटारीची ती नाचक्की होती. एंजिन दुर्बळ नव्हते. चढणीस लागणारी ओढ देणारी पायरीच गाडीत नव्हती.

कारखान्यापुढे आता दोन मार्ग होते. मागच्या आसाचे दाते बदलून सगळ्याच गिअरांतील ओढ वाढवावी, हा सोपा मार्ग. पण त्यायोगे सपाटीवरील तो प्रसिद्ध वेग आणि शांतपणा गमवावा लागला असता. दुसरा मार्ग असा की, माळासाठी योग्य असलेला आस माळासाठीच राहू द्यावा आणि घाटासाठी पेटीत खाली आणखी एक पायरी घालावी. कारखान्याने हा दुसरा मार्ग पत्करला. १९१३ मध्ये चार गिअरांच्या गाड्या आल्प्सला गेल्या आणि मोठे यश घेऊन परतल्या. ‘आल्पाइन ईगल’ हे नाव त्याच गाड्यांना मिळाले. एका प्रश्नाचे हे पहिले उत्तर : मागचा आस न बदलता पायरी वाढविणे.

दुसरे उत्तर देवळालीच्या उंबरठ्यावरच, थळघाटाच्या लोहमार्गावर सापडते. कसारा-इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. तेथील चढण ३७ फुटांस १ फूट आहे. १९३० पर्यंत ह्या मार्गाचे विद्युतीकरण इगतपुरीपर्यंत पोचले. विजेच्या एंजिनात मोटारीसारखी गिअरची पेटी नसते. दात्यांचे प्रमाण एकदा ठरले की ठरले. म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने दोन वेगळ्या जातींची एंजिने घेतली. मालगाड्यांकरिता आणलेल्या ४१ एंजिनांची शक्ती २,६०० अश्वांची होती, पण त्यांचा वेग ताशी सुमारे पन्नास मैलांपलीकडे जात नसे. लांबट नाकामुळे लोक त्यांना ‘क्रोकोडाइल’, म्हणजे मगर, म्हणत. उतारूगाड्यांच्या एंजिनांची शक्ती २,१६० अश्वांची, म्हणजे कमीच. तरी त्यांचा वेग ताशी सत्तर मैलांच्या वर जाई. १९३० मध्ये सुरू झालेली डेक्कन क्वीन ह्यांनीच ओढली. तार तीच, वीज तीच. परंतु अधिक शक्तीचे एंजिन सावकाश चालणारे आणि कमी शक्तीचे एंजिन वेगवान. जड गाडीकरिता अधिक लोखंड, ओढीचे दाते; हलक्या गाडीकरिता वेगाचे दाते. शक्ती आणि वेग ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा शोधावयास नको.

ह्याच घाटाने आणखी एक युक्ती शिकविली आहे. कसाऱ्यास गाडीच्या मागे साहाय्यक एंजिने जोडावयाची, त्यांनी ती घाट चढवून द्यावयाची आणि इगतपुरीस ती सोडवून घ्यावयाची, ही पद्धत वाफेच्या काळापासून चालत आलेली आहे. घाटापुरती गरज घाटापुरतीच भागवावी. तिच्यासाठी सबंध प्रवासाचा वेग गहाण टाकू नये, असा तिचा अर्थ आहे.

तिसरे उत्तर मात्र खरोखर मागच्या आसाचे दाते बदलण्याचे आहे, आणि ते जीप गाडीच्या इतिहासात दिसते. देवळालीसारख्या लष्करी छावणीत जीप हे वाहन दुसऱ्या महायुद्धापासून परिचित झाले. तोफखान्याची शाळाही त्याच दशकापासून देवळालीस आहे. युद्धकाळातील विलीज कंपनीच्या जीपला सुमारे ६० अश्वशक्तीचे एंजिन होते, आसाचे प्रमाण ४.८८ होते आणि तिचा पुढाऱ्यांना-सैनिकांना अभिमान वाटावा असा वेग ताशी ६५ मैलांपर्यंत जाई. निरोप पोचविणे, अधिकाऱ्यांची ने-आण करणे, हलकी तोफ ओढणे ही तिची कामे.

१९४५ मध्ये युद्ध संपले आणि त्याच गाडीस नांगराला जुंपण्याचा विचार झाला. शेतकऱ्याच्या हाती द्यावयाची जीप बनविताना विलीजने एंजिन तेच ठेविले, पण आसाच्या पिनियनच्या ८ दात्यांसमोर ३९ च्या जागी ४३ दात्यांचे क्राऊन घातले. प्रमाण ५.३८ झाले. शिवाय खालच्या पायरीचे प्रमाण १.९७ होते ते २.४३ केले. आसामुळे चाकाची ओढ दहा टक्क्यांनी वाढली आणि वेगाची मर्यादा ताशी साठ मैलांच्या आसपास आली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या, पुढे महिंद्र अँड महिंद्र ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने भारतात जुळविलेल्या जीप ह्याच शेतकी घराण्यातील. पुढे ह्या कंपनीचे कारखाने नाशिक आणि इगतपुरी येथेही निघाले. गाडीचे काम बदलले म्हणून दाते बदलले. हा क्रम महत्त्वाचा आहे.

जुनी जीप हौसेने बाळगणाऱ्यांपुढे हा निर्णय आजही येतो, तेव्हा थोडे गणित केलेले बरे. मूळच्या २८ इंच व्यासाच्या टायरवर एका मैलास चाकाचे सुमारे ७२० फेरे होतात. ताशी ६० मैल वेगाने जाताना ४.८८ दात्यांवर एंजिनाचे मिनिटाला सुमारे ३,५०० फेरे पडतात, ५.३८ दात्यांवर सुमारे ३,९००. एंजिनाची परम शक्ती ४,००० फेऱ्यांना मिळते. म्हणजे माळावरच्या लांब प्रवासात ओढीचे दाते एंजिनास सतत टोकाशी धावावयास लावतात; आवाज, झीज आणि पेट्रोल तिन्ही वाढतात. उलट चढणीवर तेच दाते चालकास वारंवार खालच्या गिअरात जाण्यापासून वाचवितात आणि उतारावर एंजिनाचा रोध वाढवून ब्रेकचा भार हलका करतात. कित्येक जण शोभेसाठी ३१ इंचांचे टायर चढवितात आणि गाडी मंद झाली म्हणून तक्रार करतात. त्या टायरवर ५.३८ दाते जवळजवळ मूळच्या टायरवरील ४.८८ सारखेच वागतात, हे त्यांस ठाऊक नसते. अशा वेळी टायर उतरविणे हाच स्वस्त उपाय.

बदल करावयाचाच ठरला तर तो अर्धवट करता येत नाही. क्राऊन आणि पिनियन ही कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली जोडी असते. त्यांतील एकच बदलता येत नाही. दात्यांमधील मोकळीक पातळ चकत्या घालून केसागणिक बेतावी लागते आणि दात्यांना रंग लावून त्यांचा स्पर्श कोठे पडतो हे पाहावे लागते. हे काम कसलेल्या मिस्त्रीचे आहे. जीपला पुढचाही आस असतो. मागचे दाते बदलून पुढचे तसेच ठेविले तर चारही चाके जोडताच दोन आस परस्परांशी भांडू लागतात. टायर फरफटतात आणि पेटी मोडते. वेगदर्शक काट्यासही नवे प्रमाण शिकवावे लागते, कारण तो दांड्याचे फेरे मोजतो, चाकाचे नव्हे.

आल्प्समध्ये नाचक्की झालेल्या कारखान्याने आस न बदलता पायरी वाढविली. रेल्वेने दोन कामांना दोन एंजिने दिली. जीप करणाऱ्यांनी कामच बदलले म्हणून आस बदलला. तिन्ही निर्णय योग्य ठरले, कारण तिन्हींत रस्ता आणि भार आधी मोजला गेला. ज्याची गाडी वर्षातून चार वेळा घाट चढते आणि उरलेले दिवस सपाटीवर धावते त्याने खालचा गिअर वापरण्यास शिकावे. दाते बदलू नयेत. ज्यास रोज भार ओढून चढण चढावयाची आहे त्याने ते खुशाल बदलावे, आणि गेलेल्या वेगाबद्दल मागाहून खंत करू नये.