तार लांबली की निरोप बदलतो : खामगाव १८७० ते तारापूर १९७०

१/ वऱ्हाडचा कापूस आणि अणुभट्टीतील न्यूट्रॉन यांचा परस्परांशी काय संबंध? दोहोंची खबर लांब तारेतून दूरच्या माणसापर्यंत पोहोचवावी लागली आणि दोन्ही ठिकाणी त्या तारेने जवळजवळ एकच कोडे घातले. हा धागा त्या कोड्याविषयी आहे.

२/ अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) लिव्हरपूलला जाणारा अमेरिकन कापूस आटला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव गगनाला भिडले. युद्ध संपताच ते कोसळले. अमरावती, अकोला, खामगाव येथील व्यापार आता सातासमुद्रापलीकडच्या बाजाराबरोबर हेलकावे खाऊ लागला. तिकडचा भाव वेळेवर कळणे, यावर इकडची पेढी तरणे वा बुडणे अवलंबून राहिले.

३/ १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आले. हे गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. त्यांच्या हस्ते जलंब-खामगाव लोहमार्ग खुला झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ हे जहाज मुंबईहून एडनकडे समुद्रतार अंथरत निघाले आणि जूनपर्यंत मुंबई-लंडन तारमार्ग पूर्ण झाला.

४/ परंतु समुद्रतार हे शास्त्र त्याआधी ठेचा खाऊन शिकले होते. ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिकखालून गेलेल्या पहिल्या तारेतून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचायला सुमारे १६ तास लागले. संदेश स्पष्ट यावा म्हणून वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला. काही आठवड्यांतच तार निकामी झाली.

५/ विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांचे निदान वेगळे होते. लांब तारेत संकेत नुसता क्षीण होत नाही, तो पसरतो. एक ठोका पुढच्या ठोक्यात मिसळतो. तारेची लांबी दुप्पट झाली की विलंब चौपट होतो. म्हणून त्यांनी जोर वाढवला नाही, वाचणारे यंत्र नाजूक केले. चिमुकल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका अत्यल्प प्रवाहानेही हलत असे.

६/ आता शंभर वर्षे पुढे येऊ. १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधींनी तारापूर अणुवीज केंद्र राष्ट्राला अर्पण केले. अणुभट्टीच्या गाभ्याजवळ माणूस उभा राहू शकत नाही. तिथे संवेदक ठेवायचा आणि त्याची खबर तारेने नियंत्रण कक्षात आणायची, हाच मार्ग उरतो.

७/ येथे ठोका क्षणार्धाहूनही लहान असतो. तारेतून तो प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगाने जातो. म्हणजे १०० मीटर अंतराला अर्धा मायक्रोसेकंद. तारेची दोन्ही टोके तिच्या गुणधर्माशी जुळलेली नसतील, तर ठोका आपटून परत फिरतो आणि एका मायक्रोसेकंदाने प्रतिध्वनीसारखा पुन्हा येतो. मोजणीयंत्र एकाच कणाला दोन कण समजू शकते. आकडा सुबक दिसतो. पण खोटा असतो.

८/ उपाय तीन. संवेदकाजवळच पूर्वप्रवर्धक बसवायचा, म्हणजे वाटेतला विद्युत-गोंगाट मूळ संकेताला गिळत नाही. आवरण असलेली कोॲक्सिअल केबल वापरायची. आणि तिच्या टोकाला तिच्याशी जुळणारा, बहुधा ५० ओहमचा, रोधक लावायचा. यामागचे गणित ऑलिव्हर हेविसाइड यांनी मांडले. तेही मूळचे तारखात्यातलेच.

९/ पुढे आकडे वाचायला संगणक आले. पण तारेत बिघडलेला ठोका संगणक दुरुस्त करत नाही. तो फक्त अधिक वेगाने मोजतो. म्हणून दूरच्या कोणत्याही आकड्याविषयी पहिला प्रश्न हाच विचारावा : हा इथवर कोणत्या वाटेने आला आणि वाटेत त्याचे काय झाले? इतिहासाच्या साधनांनाही हाच प्रश्न लागू पडतो.